दोनदाती

पस्तीस वर्षं वाळपईच्या टपाल कचेरीत
मी दुसऱ्यांची पार्सलं तोलली.
हातात घेतलं की कळायचं
आत काजू आहेत की कपडे,
आणि कपड्यांत कुणी चिठ्ठी लपवली आहे का.
शेळीचं तसं नाही.

चरावण्याच्या वर, रस्ता संपतो तिथून पाऊण तास चालून
जनाई वरकांच्या गोठ्यापाशी पोचले
तेव्हा पर्समध्ये पैसे होते
आणि जुन्या मनिऑर्डर फॉर्मच्या मागे
गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं:
पापणी आतून लाल हवी, फिकी असेल तर पोटात जंत.
शेपटीखाली कोरडं.
कास दोन्हीकडे सारखी, गाठ नको.
खुराचा वास घेऊन बघा.
(हे शेवटचं वाचून दाखवताना मी गाळलं.)

जनाई ऐकत होती,
कोयत्यानं फणसाचे डहाळे तोडत.
"झालं?" म्हणाली. "आता तोंड उघड."
मला वाटलं, माझं.

तिनं शेळीचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला.
मधे दोन रुंद दात, बाजूला दुधाचे, तांदळाच्या कण्यांएवढे.
"दोनदाती. सव्वा-दीड वर्षाची.
हिला शिकवशील ते शिकेल."

मला खरं तर पलीकडची पांढरी हवी होती.
कुडाशी एकटी उभी,
चुन्यानं नुकत्याच सारवलेल्या भिंतीसारखी,
पाला टाकला तेव्हा बाकीच्या तुटून पडल्या
आणि ही तशीच, शांत, मान जराशी खाली.
"सुंदर दिसते, बाय," जनाई म्हणाली,
"कारण ती हलत नाही.
तीन दिवस झाले, हलत नाही."

मग ही काळी, कानांना पांढरी किनार,
ही एकच द्या म्हटलं.
"एक देत नाही."
रोख आणलेत.
"घरात कोण असतं?"
मीच.
"मग तर मुळीच नाही."
तिनं कोयता कमरेच्या आकडीला लावला.
"एकटी शेळी रात्रभर हाक मारते.
तुला झोप नाही, तिला नाही,
आणि आठव्या दिवशी तू ती परत आणशील,
नाहीतर खाटकाला देशील."

दुसरी तिनंच निवडली. म्हातारी, आठदाती,
एक कान अर्धा, उरलेला बिबट्याकडे.
दूध चहापुरतं.
"हिला काही शिकवू नको," म्हणाली,
"ही बघ काय करते ते बघ."

ओहळापाशी काळी आडली.
शेळीला पाय ओले करणं म्हणजे
माझ्या आईला उंबऱ्यात शिंक.
मी ओढलं, चुचकारलं, रागावले, पदर सुटला.
म्हातारीनं एक दगड हुंगला, दुसरा हुंगला,
तिसऱ्यावरून पलीकडे गेली
आणि मागे वळूनही पाहिलं नाही.
काळी गेली. मग मीही त्याच दगडांवरून,
चपला हातात घेऊन.

उलो च्यारीनं सुपारीच्या फळ्यांचा माच करून ठेवला होता,
जमिनीपासून कमरेएवढा, फटी बोटभरच,
खूर अडकू नये, लेंड्या मात्र खाली पडाव्यात.
एस्पेरांसबाय कुंपणावरून ओरडली,
"नांवां कितें गो?"
अजून नाहीत, म्हटलं.
खोटं होतं थोडं. पांढरीसाठी एक नाव
मी महिनाभर जपून ठेवलं होतं.

रात्री दीडला काळी ओरडली.
मी कंदील चाचपडला, एक पाय खाटेखाली,
तेवढ्यात म्हातारीचा आवाज,
जाड, झोपेतला, बहुतेक शिवीच,
आणि मग रवंथाचा आवाज.
रजिस्टर पत्राची पोच यायची तसं.
पाय परत वर घेतला.

पहाटे माचाखाली वाकून पाहिलं.
लेंड्या गोल, सुट्या, कोरड्या,
मिऱ्यांसारख्या चमकत होत्या.
चार उचलून तळहातावर घेतल्या,
तोलल्या. सवय आहे.
एस्पेरांसबाय बघत होती.
बघू दे.